उजवी टाच

“कुठं गेला?”

गोल्फ शिकायला आलेला माणूस, मग तो विमानदलातला अधिकारी असो की चिक्कपेटेतला साड्यांचा व्यापारी, चेंडू मारतो, कपाळाला हात लावून लांब बघतो आणि चेंडू दिसला नाही की मागे वळून मला हेच विचारतो. माझं उत्तर ठरलेलं असायचं. “मला काय माहीत? मी तुमचे पाय बघत होतो.” काही जण हसायचे, काहींना राग यायचा. बँकेतल्या एका साहेबांनी तर मला डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला होता. पण मी थट्टा करत नव्हतो. शिकवणाऱ्यानं चेंडूच्या मागे लागू नये. वेडावाकडा मारलेला चेंडूसुद्धा एखादे वेळी दगडावर आपटून झकास जागी जाऊन बसतो आणि मारणाऱ्याला वाटतं, आपल्याला विद्या आली. पाय असं फसवत नाहीत. म्हणून मी आयुष्यभर लोकांचे पाय पाहिले.

“येलहंक्याच्या बाजूला तुम्ही जे काही करत होता, ते आमच्या वाचकांना कळेल असं लिहा,” असं बेंगळुरातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेनं मला फोनवर सांगितलं. ‘जे काही’ हे शब्द माझ्या आईचेही होते. आमचं घराणं तीनशे वर्षांहून जास्त काळ बेंगळुरात आहे. पूर्वज म्हणे घोड्यावर बसून, हातात भाला घेऊन आले. त्यांचा वंशज काठीनं चेंडू मारायला शिकवतो आणि त्यावर पोट भरतो, हे सांगताना आईची पंचाईत व्हायची. “त्यापेक्षा चिन्नी-दांडू बरा, त्यात धावायला तरी लागतं,” ती म्हणायची. चिन्नी-दांडू म्हणजे इथला विटीदांडू. माझ्या लग्नाच्या बोलण्यात तिनं मला ‘क्रीडा खात्यात आहे’ असं सांगून टाकलं होतं. खातं कुणाचं, हे सुदैवानं कुणी विचारलं नाही.

तर ते सरावाचं मैदान. येलहंक्याच्या अलीकडे नीलगिरीच्या झाडांना लागून होतं. पत्र्याची एक लांब शेड, शेडखाली ओळीनं अंथरलेल्या हिरव्या चटया, समोर उतरत गेलेलं गवत आणि त्या गवतात अंतर दाखवणाऱ्या पाट्या. डोक्यावर विमानदलाची शिकाऊ विमानं सकाळभर घिरट्या घालायची. वर कुणीतरी पोरांना उडायला शिकवत होतं आणि खाली मी चेंडूंना. नव्वदीची ती वर्षं. शहरात नवे लोक, नवे उद्योग येत होते आणि त्यांच्याबरोबर हा खेळही क्लबांच्या भिंतींबाहेर पडला होता. माझ्याकडे कमरेला पेजर लावलेले संगणकवाले यायचे, डॉक्टर यायचे आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदारही यायचे. गिऱ्हाइकांना गोल्फ आवडतो म्हणून ह्या बिचाऱ्यांना तो आवडून घ्यावा लागायचा.

आमच्याकडे एक पद्धत होती. मारणाऱ्याच्या समोर, पण फटक्याच्या वाटेबाहेर, एका बुटक्या स्टुलावर माणूस बसायचा. टोपलीतला चेंडू उचलायचा, चटईतल्या रबरी खुंटीवर ठेवायचा, हात मागे घ्यायचा. मग फटका. पुन्हा चेंडू, पुन्हा हात मागे, पुन्हा फटका. हे काम मुनियप्पा करायचा. पूर्वी तो माळी होता. त्याच्या हाताला अशी लय होती की घाईघाईनं मारणारा माणूसही हळूहळू त्या लयीत यायचा. अर्धं शिकवणं त्याचंच असायचं आणि नाव माझं व्हायचं. ह्या मुनियप्पाचं स्टूल ध्यानात ठेवा.

आता स्विंग म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, मागे उचलायचा, खाली आणायचा आणि चेंडूतून पुढे जाऊ द्यायचा. एवढंच. दोन सेकंदांचं काम आणि दोन जन्म पुरत नाहीत. उजव्या हातानं खेळणाऱ्याचं वजन आधी उजव्या पायावर जातं. मग उजवा पाय जमिनीला रेटा देतो, वजन डावीकडे येतं, चेंडू सुटतो आणि उजवी टाच आपसूक वर उचलली जाते. फोटोत गोल्फवाले शेवटी एका चवड्यावर उभे दिसतात, ती ऐट नव्हे. रेटा खरा दिला की टाच जमिनीवर राहूच शकत नाही.

हे सगळं एकदम सांगितलं तर माणूस चेंडूपुढे देवापुढे उभा राहावा तसा थिजतो. म्हणून ड्रिल. शरीराला जे येत नाही तेवढंच वेगळं काढायचं आणि ते पुन्हा पुन्हा करायचं, बाकी सगळं विसरायचं. हात अंगापासून सुटत असतील तर दोन्ही काखांत एक टॉवेल धरायचा आणि तो पडू न देता मारायचं. आमच्याकडे दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांचा टॉवेल रोज पडायचा. एक दिवस पडेचना. मी शाबासकी द्यायला जवळ गेलो तर बाईंनी तो आतून सेफ्टी पिना लावून शर्टाला टाचला होता. मनगटं ढिली असतील तर स्कूटरचं जुनं टायर उभं करून त्यावर फटके मारायचे. वेग चुकीच्या जागी येत असेल तर घरी गच्चीवर जाऊन खराटा फिरवायचा. ‘सूंऽ’ असा आवाज चेंडूच्या जागेच्या पुढे यायला हवा, मागे नव्हे. एका संगणकवाल्या पोराच्या सासूनं जावयाला ऑफिसच्या वेळेत गच्चीवर खराटा फिरवताना पाहिलं आणि लेकीला फोन करून विचारलं, “नोकरी गेली काय गं?” तोल जात असेल तर दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं आणि तसंच मारायचं. पाय जुळवले की जोर लावताच येत नाही, लावला तर माणूस पडतो. मग नाइलाजानं का होईना, हात नीट चालतात.

ह्या घरगुती उपायांना हसणारेही होते. त्यांना ड्रिल नको असायचं, परदेशातून आणलेला नवा क्लब हवा असायचा. नाचता येईना अंगण वाकडं. मी मात्र ह्या ड्रिलवर देवासारखा विश्वास ठेवला. प्रत्येक दुखण्याला माझ्याकडे एक पुडी होती आणि ती लागू पडली नाही असं फारसं झालं नव्हतं. मग हनुमंतण्णा आला.

पण त्याच्याआधी किट्टूबद्दल सांगायला हवं. किट्टू म्हणजे कृष्णोजीराव, हनुमंतण्णाचा धाकटा भाऊ. दोघे आमच्यासारखेच जुन्या बेंगळुरी मराठी घरातले. राहायला यशवंतपूरला, आणि पीण्यात पत्रा दाबून सुटे भाग काढायचा त्यांचा कारखाना. किट्टू पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं आधी उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठा आणि करंगळी होती. मधली तीन बोटं मुळापासून नव्हती.

“मेष्ट्रे,” तो म्हणाला. इथं शिकवणाऱ्याला लोक मेष्ट्रे म्हणतात आणि ‘ठीक आहे’ला सरी, आमच्या मराठीतही तेच रुळलंय. “हात असा आहे. मशीनवर गेला. स्वल्प शिकवता काय? जमत नाही म्हणालात तरी सरी, चहा पिऊन जातो.”

माझ्याकडे त्यासाठी पुडी नव्हती. चहा मागवला आणि तो पिता पिता दोघांनी मिळून विचार केला. आधी कितीतरी आठवडे त्यानं नुसत्या डाव्या हातानं मारलं. एका हाताचं हे ड्रिल धडधाकट माणसाला दहा मिनिटांत रडवतं. किट्टूचा हात सुजायचा, तो पंचा ओला करून गुंडाळायचा आणि पुन्हा उभा राहायचा. मग उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटात अडकवायची आणि अंगठा वरून टेकवायचा, एवढीच पकड आम्ही बसवली. “इतरांना दहा बोटं सांभाळायला लागतात मेष्ट्रे, मला सातच. माझं लवकर होणार,” तो म्हणायचा. आणि खरंच झालं. त्याचा चेंडू फार लांब जायचा नाही, पण ओळंबा लावल्यासारखा सरळ जायचा. शेजारच्या चटयांवरचे लोक आपलं मारणं थांबवून बघत राहायचे. माझ्या हाताखालून पुष्कळ लोक गेले, चषक जिंकलेलेही गेले. पण शिष्य म्हणून मला अभिमान वाटतो तो किट्टूचा.

एका पावसाळ्याच्या शेवटी त्यानं थोरल्या भावाला आणलं. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. खिशाला पोलादी पट्टी, जणू स्विंगही मोजून घेणार. किट्टू मला बाजूला घेऊन म्हणाला, “मेष्ट्रे, दसरा झाल्यावर क्लबात जोडीची स्पर्धा आहे. मी आम्हा दोघांची नावं दिलीत. अण्णाला नंतर सांगितलं.” शहरातल्या एका जुन्या क्लबातली ती स्पर्धा मला ठाऊक होती. दोघांत मिळून एकच चेंडू. एक फटका एकानं मारायचा, पुढचा दुसऱ्यानं, असं शेवटपर्यंत. भल्याभल्यांची मैत्री त्यात तुटलेली मी पाहिली होती.

“नवशिक्याला एवढ्यात जोडीला घेतोस?” मी विचारलं.

“त्याच्याशिवाय मला खेळायचंच नाही,” किट्टू म्हणाला.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली. मुनियप्पा स्टूल घेऊन हनुमंतण्णापुढे बसला आणि त्यानं चेंडू ठेवायला हात पुढे केला. हनुमंतण्णा झटकन दोन पावलं मागे सरला. “बेडा, बेडा. नको. मी ठेवतो.” मुनियप्पानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्या दिवसापासून हनुमंतण्णा प्रत्येक चेंडू स्वतः वाकून ठेवायचा, उठायचा, मारायचा, पुन्हा वाकायचा. पन्नाशीचा माणूस, सकाळभर वाकून त्याची कंबर धरायची. मला वाटलं, खालून वर आलेला माणूस आहे, दुसऱ्याकडून सेवा करून घ्यायचा संकोच असेल. मला ते आवडलंसुद्धा.

त्याचा स्विंग मात्र मला कळेना. क्लब मागे जायचा तो इतका सुरेख की पाहत राहावं. खाली यायचा तोही सरळ. आणि नेमका चेंडूला लागायच्या क्षणी सगळा माणूस थांबायचा. उजवा पाय जमिनीत रोवलेल्या खांबासारखा, टाच घट्ट टेकलेली, आणि हात उलटे अंगाकडे ओढलेले. चेंडू चार पावलं घरंगळायचा. मी टॉवेल दिला, टायर दिलं, खराटा दिला. पालथ्या घड्यावर पाणी. मग पाय जुळवून मारायला सांगितलं आणि चेंडू असा सुटला की मुनियप्पा लांबून “अब्बा!” म्हणाला. पाय जुळवले की सुंदर, पाय फाकवून नेहमीसारखं उभं केलं की पुन्हा घरंगळणं. म्हणजे हात ठीक होते, डोळा ठीक होता. दुखणं त्या उजव्या पायात होतं. तो रेटा द्यायला तयार नव्हता.

मी रात्रंदिवस त्या पायाचा विचार करायला लागलो आणि मला एक युक्ती सुचली. एक फळी घेतली, तिच्याखाली मधोमध दांडा ठोकला आणि ती हनुमंतण्णाच्या उजव्या पायाखाली ठेवली. पायानं रेटा दिला की फळी कलायची आणि कडेखाली ठेवलेल्या दगडावर ‘खट्’ असा आवाज व्हायचा. आवाज आला तर रेटा बरोबर. “तुम्ही चेंडू विसरा,” मी त्याला सांगितलं. “नुसतं हे पायानं दाबा. खट् झालं पाहिजे.” मी स्वतःवर भलता खूश होतो.

हनुमंतण्णानं फळीवर पाय ठेवला. क्लब उचलला. पाय थोडासा दाबला गेला आणि खट् झालं. त्याच्या हातातून क्लब पडला. तो तसाच चटईवर खाली बसला, आणि त्याच्या कपाळावर घाम आला. मी धावलो, मला वाटलं छातीत दुखतंय. त्यानं हातानं मला थांबवलं. “हे काढा मेष्ट्रे,” तो म्हणाला. “कृपा करून हे आधी काढा.” मग पाणीही न पिता तो गाडीत बसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किट्टू एकटा आला. त्यानं फळी पाहिली, पायानं एकदा दाबून तो आवाज ऐकला आणि मुनियप्पाच्या स्टुलावर बसला.

“अण्णा मला म्हणाला, नाव काढून घे. पाठ दुखते सांग,” किट्टू म्हणाला. “मेष्ट्रे, पूर्वी आम्ही दोघं दुसऱ्याच्या कारखान्यात होतो. लांब पत्रा असला की प्रेसवर दोन माणसं लागायची. एकानं पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर काढायचा आणि ‘सरी’ म्हणायचं. सरी म्हटलं की दुसऱ्यानं पायानं पेडल दाबायचं, वरून ठोकळा पडायचा. दिवसभर तेच. पत्र्यावर मी होतो. पेडलवर अण्णा.”

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण मी विचारलं, “उजवा पाय?”

त्यानं होकारार्थी मान हलवली.

“नंतर आमचा कारखाना झाला तेव्हा अण्णानं एकाही मशीनला पायाचं पेडल ठेवलं नाही. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच आमची प्रेस चालते. लोक हसले, काम हळू होतं म्हणाले. तो हलला नाही. आमच्याकडे आजवर कुणाचं नख गेलेलं नाही मेष्ट्रे.” हे सांगताना त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. “मला त्यानं काही कमी केलं नाही. अर्धा कारखाना माझा, घराचा वरचा मजला माझा. पण मी भिंतीवर खिळा धरला तर तो हातोडा खाली ठेवून बाहेर जातो. आयुधपूजेला मी कोहळा धरला तर सुरी दुसऱ्याच्या हातात देतो. एवढ्या वर्षांत माझ्या हाताशेजारी त्यानं हात चालवलेला नाही. मला तेवढंच पाहिजे. म्हणून नावं दिली. मी मारून नेऊन ठेवला तो चेंडू त्यानं मारायचा आणि त्यानं नेऊन ठेवला तो मी. आता तो नाव काढून घे म्हणतो, आणि ह्या वेळी काढलं तर मग कधीच नाही.”

वरून एक विमान गेलं. मग तो म्हणाला, “अण्णा आज येणार. शिकणं सोडायचं तर गुरूला सांगूनच सोडायचं, असं त्याचं आहे. तो आला की मुनियप्पाला उठवा. स्टुलावर मी बसतो.”

“वेडा आहेस काय? हे काय ड्रिल झालं?” मी चिडलोच. “तो घाबरला आणि क्लब सुटला तर तुझं डोकं फुटेल.”

“शरीराला जे येत नाही तेवढंच पुन्हा पुन्हा करायचं, असं कोण सांगतं?” किट्टूनं विचारलं.

मी स्टूल आणखी थोडं बाहेर सरकवलं, स्वतः क्लब फिरवून वाट मोकळी असल्याची खात्री केली आणि मनातल्या मनात गावातल्या यल्लम्मापासून सगळ्यांना हाका मारल्या.

हनुमंतण्णा आला तो खरोखरच ताट घेऊन. विड्याची पानं, केळी, नारळ. ते माझ्या हातात देऊन तो वाकून नमस्कार करणार तेवढ्यात त्याला स्टुलावर बसलेला किट्टू दिसला. किट्टूच्या करंगळीत आणि अंगठ्यात चेंडू होता. तो त्यानं खुंटीवर ठेवला, हात मागे घेऊन छातीशी धरला आणि म्हणाला, “सरी.”

हनुमंतण्णाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहू शकत नाही.

“ऊठ तिथून,” तो म्हणाला.

“चेंडू ठेवलाय अण्णा.”

“किट्टू, ऊठ म्हणतो मी!”

“सरी,” किट्टू पुन्हा म्हणाला.

ताट माझ्याच हातात राहिलं होतं, खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. शेजारच्या चटईवरच्या डॉक्टरीणबाई काखेत टॉवेल धरून तशाच उभ्या राहिल्या. हनुमंतण्णानं क्लब उचलला, चेंडूपाशी गेला, उभा राहिला आणि पुन्हा मागे आला. मग अगदी हळू आवाजात, जणू आम्ही कुणी तिथं नाहीच, त्यानं भावाला विचारलं, “त्या दिवशी म्हणाला होतास काय रे तू? सरी म्हणाला होतास?”

मला कळलं की हा प्रश्न त्यानं आजपर्यंत कधीच विचारला नव्हता. इतकी वर्षं एका घरात राहून, एका ताटात खाऊन विचारला नव्हता.

किट्टूनं थोडा विचार केला. तो खोटं बोलू शकला असता, आणि ते कुणी पापही मानलं नसतं.

“आठवत नाही अण्णा,” तो म्हणाला. “देवाशपथ आठवत नाही. आज म्हणतोय की. सरी.”

हनुमंतण्णानं मारलं. चेंडू घरंगळला. किट्टूनं दुसरा ठेवला, हात छातीशी घेतला. “सरी.” तोही घरंगळला. हनुमंतण्णाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला उसंत नव्हती, कारण पुढचा चेंडू ठेवलेला असायचा. ठेव, हात मागे, सरी, फटका. मी त्या उजव्या टाचेकडे बघत उभा होतो. टोपली अर्धी झाली असेल, तेव्हा टाचेखाली उजेडाची एक बारीक फट दिसली. बस, पापणीएवढी. पुन्हा टेकली. मग पुन्हा उचलली. मुनियप्पानं गुपचूप दुसरी टोपली आणून ठेवली.

ते दोघे त्यानंतर रोज आले. मी काहीच शिकवलं नाही. माझ्याकडच्या साऱ्या पुड्या मी त्या दिवसांत मिटून ठेवल्या आणि दोन भावांचं ते ड्रिल नुसता बघत राहिलो. ती फळी मी बंबात घातली.

आता तिथं ते मैदान नाही. नीलगिरीची झाडं गेली आणि चटयांच्या जागी उंच इमारतींची रांग उभी आहे. त्या इमारतींच्या फाटकावर गोल्फ हा शब्द अजून आहे, चेंडू मात्र एकही नाही. आताच्या मास्तरांकडे कॅमेरे आहेत, संगणक पायांच्या रेषा काढून दाखवतो. चांगलंच आहे. माझ्या वेळी ते असतं तर हनुमंतण्णाची टाच का उचलत नाही ह्याचा सुरेख आलेख मला मिळाला असता, आणि मी त्या आलेखाकडे बघत बसलो असतो. मुनियप्पा गेल्याला बरीच वर्षं झाली. त्याला एकदा मी स्वतःहून गुरू म्हणायला हवं होतं, ते राहून गेलं.

स्पर्धेच्या सकाळी मी क्लबात गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. दोरीच्या मागे उभा राहिलो. जोडीचा पहिला फटका हनुमंतण्णाचा होता. खेळात प्रत्येक जण आपला चेंडू आपणच ठेवतो. नियमाची सक्ती नाही, पण रीत तीच आहे. मला वाटलं, तो नेहमीसारखा वाकेल. किट्टूलाही तसंच वाटलं असणार, कारण तो आपली पिशवी घेऊन बराच लांब जाऊन उभा राहिला होता.

हनुमंतण्णानं खिशातून चेंडू काढला. वाकला नाही. वळून भावाकडे बघितलं, तळहातावर चेंडू धरून हात पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “ये. ठेव.”

किट्टू पिशवी टाकून आला. दोन बोटांत चेंडू घेतला, गुडघ्यावर बसून ठेवला, हात काढला. त्याचे ओठ हलले ते मी दोरीपाशी उभा राहून पाहिलं. हनुमंतण्णानं क्लब उचलला.

ती स्पर्धा ते हरले, आणि भरपूर हरले. पण तो पहिला चेंडू कुठं गेला, हे मला विचारू नका. मी पाय बघत होतो. उजवी टाच वर आली होती.